टाका पडण्याआधीची दहा मिनिटं

मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला वाटणाऱ्या भीतीची दखल घ्यायला रुग्णालयात निदान थोडी तरी सोय असते. आदल्या रात्री भूलतज्ज्ञ येऊन बोलतात, कधी झोपेची गोळी देतात, घरची माणसं उशाशी असतात. कॅज्युअल्टीतल्या छोट्या कामांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. हात कापला म्हणून माणूस धावत येतो आणि विसाव्या मिनिटाला टाके घालायच्या टेबलावर असतो. गळू फोडणं, चिरडलेलं नख काढणं, निखळलेला खांदा बसवणं, भाजलेल्या जागेचं पहिलं ड्रेसिंग, डोळ्यातला कण काढणं ही डॉक्टरच्या दृष्टीने किरकोळ कामं. रुग्णाच्या दृष्टीने त्यात किरकोळ काही नसतं. याच दहा-वीस मिनिटांच्या भीतीवर ॲक्युप्रेशरचा उपयोग होतो का, या प्रश्नावर गेल्या पंचवीसेक वर्षांत जगभर बऱ्यापैकी काम झालं आहे. ते काम काय सांगतं आणि आपल्याकडे त्यातलं काय उचलण्यासारखं आहे, हे पाहायचं आहे.

‘आपल्याकडे’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर भिलाईचा पावर हाउस आहे. नागपूरहून हावड्याच्या दिशेने जाणारी गाडी दुर्ग सोडते, मग भिलाईनगर आणि त्यानंतर भिलाई पावर हाउस. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टरांमधली टाउनशिप आखीवरेखीव. रुळांच्या पलीकडचा पावर हाउस, कॅम्प एक, कॅम्प दोन, छावणी, नंदिनी रोड हा भाग मात्र बाजाराचा, कंत्राटी कामगारांचा आणि लहान वर्कशॉपांचा. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, गॅस कटिंग. कारखान्याच्या कायम कामगाराला सेक्टर 9 चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, आणि तिथल्या बर्न युनिटचं नाव मध्य भारतात सगळीकडे माहीत आहे. वर्कशॉपमधला मुलगा आधी जवळच्या छोट्या दवाखान्यात जातो, नाहीतर सुपेल्याच्या सरकारी रुग्णालयात. या ठिकाणी ॲक्युप्रेशरचा एखादा मोठा प्रयोग झाला म्हणून मी हे नाव घेत नाही. छोट्या आपत्कालीन कामांची भीती जिथे रोजची आहे, त्या जागेवरून हा प्रश्न पाहिला तर त्याची उत्तरं वेगळ्या क्रमाने महत्त्वाची ठरतात, म्हणून घेतो.

डोळ्यातल्या लोखंडी कणाचंच उदाहरण घेऊ. ग्राइंडरवर चष्मा न लावता काम करताना ठिणगी उडते आणि गरम कण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुततो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याभोवती गंजाचं कडं तयार होतं. डॉक्टर बधिर करणारे थेंब टाकतात आणि अर्ध्या-एक मिनिटात पापणीखालची खुपणारी वेदना जवळजवळ संपते. पुढे सुईच्या टोकाने कण उचलायचा असतो. वेदना आता नाहीच, तरीही माणसाचं डोकं हनुवटीच्या टेकूवरून मागे सरकतं, पापण्या गच्च मिटतात, मान ताठ होते. डोळ्यासमोर सुई येते आहे आणि ती दिसते आहे, एवढं त्याला पुरेसं असतं. “डरो मत, कुछ नहीं होगा,” असं मागून कोणीतरी म्हणतं. मागून डोकं पुढे दाबून धरलं जातं. कण निघतो, पण त्या दोन मिनिटांत माणूस घामाने भिजलेला असतो. बधिर करणारं औषध वेदना घेऊन जातं, भीती तिथेच राहते, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

ही भीती फक्त मनाची बाब आहे असंही नाही. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात. खांदा बसवताना तर स्नायूंचा हा ताणच मुख्य अडथळा असतो. रुग्ण सैल पडला की सांधा कमी जोरात जागेवर जातो. काही जणांचं उलटं होतं. सुई पाहताच नाडी मंदावते, दाब कोसळतो, आणि धडधाकट जवान टेबलावरून घसरतो. शिवाय ज्या मुलाला एकदा चौघांनी धरून टाके घातले, ते पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागतं. भीती कमी करणं म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

औषधं आहेत. मिडाझोलाम भीतीवर चांगलं काम करतं आणि कीटामीनने लहान मुलांची बरीच कामं सुकर होतात. पण ही औषधं द्यायची तर रुग्ण कधी जेवला हे पाहावं लागतं, ऑक्सिजन हाताशी लागतो, बोटाला पल्स ऑक्सिमीटर आणि शेजारी श्वासावर लक्ष ठेवणारं प्रशिक्षित माणूस लागतं, नंतर तासभर तरी झोपवून ठेवावं लागतं. चार टाक्यांसाठी एवढी तयारी मोठ्या रुग्णालयातही कोणी करत नाही; लहान दवाखान्यात तर प्रश्नच नाही. त्यामुळे इथे तुलना ॲक्युप्रेशर आणि औषध यांच्यात फारशी नसतेच. ॲक्युप्रेशर की काहीच नाही, अशी ती असते. हे लक्षात ठेवलं की थोड्या परिणामाचीही किंमत कळते.

ॲक्युप्रेशर आपल्याकडे दोन वाटांनी आलं आणि त्या वाटा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक वाट चीनची. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. बसू परत आले, पण 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं. पश्चिम बंगालने त्यासाठी 1996 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा 2015 चा, आणि 2019 मध्ये केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. सुईऐवजी त्याच बिंदूंवर बोटाने दाब दिला की ते ॲक्युप्रेशर. दुसरी वाट अमेरिकेतल्या झोन थेरपीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम फिट्झजेराल्ड आणि युनिस इंगहॅम यांनी ती मांडली. तळपायावर आणि तळहातावर सगळ्या अवयवांचा नकाशा आहे, असं ती मानते. यात्रेत, प्रदर्शनात, स्टेशनबाहेर मिळणारे काटेरी रोलर, चपला आणि तळव्यांचे रंगीत तक्ते या दुसऱ्या वाटेचे. घराघरात ॲक्युप्रेशर म्हणून माहीत आहे ते बहुधा हेच. रुग्णालयांमध्ये भीतीवर ज्याची चाचणी झाली ते मुख्यतः पहिल्या वाटेचं, मोजक्या बिंदूंचं. दुसऱ्याच्या नावावर पहिल्याचे निष्कर्ष खपवले जातात तेव्हा वाचकाने सावध राहावं.

अभ्यासांत पुन्हा पुन्हा येणारे बिंदू चार-पाचच आहेत. दोन भुवयांच्या मधोमध, टिळा लावतो तिथला ‘यिनतांग’. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागातला ‘हेगू’. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा ‘शेनमेन’. कानाच्या पाळीवरचे काही. आणि मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइग्वान’, ज्याला वैद्यकीय लिखाणात पी-6 म्हणतात. हा शेवटचा सापडायला सोपा आहे. रुग्णाचा तळहात वर करायचा. त्याच्याच तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांची रुंदी मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने मोजायची. हलकी मूठ आवळली की मधोमध दोन दोऱ्यांसारख्या शिरा, म्हणजे खरं तर स्नायूंचे कंडरे, वर येतात. त्यांच्या मधली खाच हा तो बिंदू. काही जणांच्या हातात यातला एक कंडरा जन्मतःच नसतो, तेव्हा मधली रेघ धरायची. अंगठ्याने दाब द्यायचा तो जाणवेल इतका, दुखेल इतका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने 2008 मध्ये 361 बिंदूंच्या जागा प्रमाणित करून छापल्या, त्यामुळे निदान कुठे दाबायचं याबद्दलचा गोंधळ कमी झाला.

आता अभ्यासांकडे. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचं काम व्हिएन्नात झालं, आणि तेही रुग्णवाहिकेत. आंद्रेआस कोबर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये किरकोळ अपघाताच्या 60 रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खऱ्या बिंदूंवर दाब, काहींना खोट्या जागी, काहींना काहीच नाही. दाब देणारे डॉक्टर नव्हते. रुग्णवाहिकेतले पॅरामेडिक होते आणि त्यांना हे शिकवलेलं होतं. रुग्णालयात पोहोचेपर्यंत खऱ्या बिंदूंच्या गटात वेदना कमी, भीती कमी आणि नाडीही कमी आढळली. पुढच्याच वर्षी त्यांनी कानावरच्या बिंदूची चाचणी 36 रुग्णांवर केली आणि तिथेही पोहोचेपर्यंतची भीती घटलेली दिसली. 2006 मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर आणि 2007 मध्ये मनगटाचं हाड मोडलेल्यांवर याच मंडळींनी असेच प्रयोग केले. आकडे लहान आहेत आणि एकाच शहरातल्या, बहुतांशी एकाच गटाच्या हातचे आहेत. तरीही हलत्या गाडीत, रक्त आणि वेदना समोर असताना, काही मिनिटांत करता येण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांनी दाखवलं.

भारतातला महत्त्वाचा अभ्यास लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचा, 2005 चा. अनिल अगरवाल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 76 प्रौढांना घेतलं. अर्ध्यांना यिनतांगवर 10 मिनिटं दाब, बाकीच्यांना भलत्या जागी. खऱ्या बिंदूच्या गटात भीती जास्त उतरली, आणि मेंदूच्या जागृतीचं मोजमाप करणाऱ्या यंत्रावरचा आकडाही उतरला. पण दाब सोडल्यावर अर्ध्या तासाने तो फरक टिकला नव्हता. अथेन्समध्ये 2003 साली फासुलाकी आणि सहकाऱ्यांनी 25 निरोगी स्वयंसेवकांवर हाच बिंदू तपासला होता. तिथेही दाब चालू असेपर्यंत आकडा खाली, बोट उचललं की मूळ पातळीवर.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हे निष्कर्ष निराशाजनक वाटतात, आणि त्या अंगाने त्यांची चर्चा झालीही. सकाळी दहाला दाबलं आणि नंबर बाराला आला तर काय उपयोग? कॅज्युअल्टीत मात्र हाच दोष गैरलागू होतो. तिथलं कामच दहा मिनिटांचं असतं. टाके घालायला सुरुवात होण्याआधी पाच मिनिटं आणि टाके पडत असताना पाच मिनिटं बोट जागेवर राहिलं, तर परिणाम टिकायची गरजच उरत नाही. उलट झोपेच्या औषधासारखी गुंगी मागे राहत नाही, माणूस उठून सायकलवरून घरी जाऊ शकतो. माझ्या मते हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी धागा आहे, आणि तो जितका हाताळायला हवा होता तितका हाताळला गेलेला नाही.

येल विद्यापीठात शू-मिंग वांग आणि झीव केन यांच्या गटाने मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यावर काम केलं. 2008 च्या चाचणीत 8 ते 17 वयाच्या 52 मुलांना यिनतांगवर छोटा मणी चिकटवला. भीती कमी झाली, पण भुलेच्या औषधाची गरज काही कमी झाली नाही. त्याआधी 2004 मध्ये त्यांनी एक फार शहाणा प्रयोग केला होता. मुलाला भूल देताना शेजारी राहणाऱ्या आयांच्या कानांत ॲक्युपंक्चरच्या सुया लावल्या. आयांची भीती कमी झाली, आणि ज्यांना हातही लावला नव्हता ती त्यांची मुलंही शांत राहिली. पुढे पालकांवर ॲक्युप्रेशरचाही प्रयोग करून त्यांनी तसाच दिलासा नोंदवला. आपल्याकडे मुलाला टाके घालायचे म्हटलं की आईला बाहेर काढतात, कारण ती रडते आणि काम करू देत नाही. तिला बाहेर काढण्याऐवजी तिच्या भीतीवर आधी दोन मिनिटं खर्च केली तर, असा प्रश्न या प्रयोगातून उभा राहतो.

इराणच्या परिचर्या महाविद्यालयांनी गेल्या पंधरा वर्षांत या विषयावर चाचण्यांचा मोठा साठा तयार केला आहे: अँजिओग्राफीच्या आधी, अस्थिमज्जेचा नमुना घेताना, सिझेरियनच्या आधी, भाजलेल्यांचं ड्रेसिंग बदलताना. बहुतेकांचा कौल अनुकूल आहे. 2015 मध्ये हाँगकाँगच्या गटाने तोवरच्या चाचण्या एकत्र करून सांगितलं की प्रौढांमध्ये उपचाराच्या आधीच्या भीतीवर ॲक्युप्रेशरचा तात्काळ परिणाम दिसतो आणि तो मध्यम प्रमाणाचा आहे. नाडी, रक्तदाब अशा शारीरिक मोजमापांवर मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पी-6 बिंदूबद्दल सर्वांत भक्कम काम भीतीवर झालेलंच नाही, ते शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर आहे. 2015 च्या कोक्रेन आढाव्यात 59 चाचण्या आणि 7,667 रुग्ण आहेत. मळमळीवरचा हा अनुभव भीतीला आपोआप लागू होत नाही, हे प्रचारपत्रकं सोयीस्करपणे विसरतात.

मग या अनुकूल कौलावर कितपत विसंबायचं? माझं उत्तर: अर्धं. बहुतेक चाचण्या पन्नास-शंभर रुग्णांच्या आहेत. दाब देणाऱ्याला आपण खरा बिंदू दाबतोय की खोटा हे माहीत असतं, आणि ते त्याच्या हातातून, नजरेतून, बोलण्यातून रुग्णापर्यंत पोहोचणारच. गोळीची चाचणी करताना दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्या बनवता येतात, दोन सारखी बोटं बनवता येत नाहीत. जिथे एका गटाला दाब आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी तुलना असते, तिथे तर फरक दिसणं जवळजवळ ठरलेलंच आहे, कारण एका गटाजवळ कोणीतरी दहा मिनिटं बसलं आणि दुसऱ्याजवळ कोणी फिरकलं नाही. भीतीचं मोजमापही रुग्णाच्या सांगण्यावरच असतं. 100 मिलिमीटरच्या रेघेवर खूण करा, नाहीतर स्पीलबर्गरच्या प्रश्नावलीतल्या वीस प्रश्नांची उत्तरं द्या. ज्याने इतक्या आस्थेने हात धरला त्याला ‘काही फरक पडला नाही’ असं सांगणं आपल्या माणसाला जड जातं.

आस्थेचा स्वतःचा परिणाम किती मोठा असू शकतो, यावर दोन अभ्यास फार बोलके आहेत. टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आतड्याच्या विकाराच्या 262 रुग्णांना तीन गटांत विभागलं. एका गटाला नुसतं प्रतीक्षेत ठेवलं. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर केलं, पण फारसं न बोलता. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, मात्र आस्थेने विचारपूस करत, ऐकून घेत. पुरेसा आराम पडला म्हणणारे अनुक्रमे 28, 44 आणि 62 टक्के निघाले. दुसरा अभ्यास जेम्स कोन यांचा, 2006 चा. विजेचा सौम्य झटका बसणार या भीतीत असलेल्या 16 विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं चित्र घेतलं. नवऱ्याने हात धरला असताना मेंदूतल्या धोक्याशी निगडित भागांची हालचाल लक्षणीय मंदावली. परक्याने हात धरला तेव्हाही थोडी मंदावली. तिथे बिंदू नव्हता, नकाशा नव्हता, नुसता हात होता.

यावरून ॲक्युप्रेशर म्हणजे निव्वळ समजूत, असं म्हणायला मी तयार नाही. लखनौ आणि अथेन्समध्ये भलत्या जागी दाब देऊनही खऱ्या बिंदूचा परिणाम जास्तच निघाला होता, आणि ते फेटाळायला ठोस कारण हवं. त्वचेवरचा दाब आणि स्पर्श मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो ही मेलझॅक आणि वॉल यांची 1965 ची मांडणी आज बरीच सुधारली गेली असली तरी तिचा गाभा टिकून आहे. शांत करणाऱ्या हळुवार स्पर्शासाठी त्वचेत वेगळे मज्जातंतू असतात हेही आता माहीत झालं आहे. म्हणजे शरीरात त्याला जागा आहे. पण परिणामाचा मोठा वाटा हाताचा आणि लहान वाटा बिंदूचा, असं माझं आजचं मत आहे. उलटं सिद्ध झालं तर मला आनंदच होईल, कारण बिंदू शिकवता येतो. आस्था शिकवणं त्याहून कठीण.

काही ठिकाणी मात्र थांबायलाच हवं. ॲक्युप्रेशर हे जागेवरच्या भुलेला पर्याय नाही. लिग्नोकेन न देता बिंदू दाबून टाके घालणारा माणूस रुग्णावर अन्याय करतो आहे, त्याची पदवी कोणतीही असो. लिग्नोकेनच्या इंजेक्शनची आग कमी करायची असेल तर त्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळणं, बारीक सुई वापरणं आणि हळू टोचणं हे सिद्ध झालेले मार्ग आधी वापरावेत. ज्या हाताला जखम किंवा मोडलेलं हाड आहे त्या हातावर दाब द्यायचा नाही, दुसरा हात घ्यायचा. भाजलेल्या, सुजलेल्या, पिकलेल्या जागी नाही. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याला जोरात दाबलं तर काळंनिळं पडतं. हेगू बिंदू गरोदरपणी टाळण्याची परंपरा आहे, ती पाळायला काहीच खर्च येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॅज्युअल्टीतला प्रत्येक घाबरा माणूस भीतीने घाबरा असतोच असं नाही. आतल्या आत रक्तस्राव होत असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, साखर उतरली असेल, हृदयाचा झटका येत असेल, तरी माणूस असाच तळमळतो, घामाघूम होतो. पोलाद कारखान्याच्या गावात तर आणखी एक कारण असतं. भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो छातीत गेलेला माणूस आधी नुसता बेचैन दिसतो. भिलाईने 2014 मध्ये वायुगळतीत माणसं गमावली आहेत. नाडी, दाब, श्वास, ऑक्सिजन, साखर पाहिल्याशिवाय कोणाचं मनगट दाबत बसणं धोक्याचं आहे. बोटावरचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत फसवा चांगला आकडा दाखवतो, हेही अशा गावातल्या प्रत्येक ड्रेसरला ठाऊक असायला हवं.

एवढी काळजी घेतल्यावर उरतो तो खरा अडसर: हात कोणाचा? पावर हाउसच्या छोट्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर किंवा सिस्टर, आणि बाहेर बाकावर सात-आठ माणसं. डॉक्टर टाके घालणार, सिस्टर सामान देणार. तिसरा हात नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात माणसं जास्त दिसली तरी रुग्णही तितकेच जास्त. या विषयावरच्या लिखाणात ‘स्वस्त आणि सोपा उपाय’ असं सर्रास म्हटलं जातं. बिंदू फुकट आहे, पण दहा मिनिटं मोकळा असलेला माणूस फुकट नाही.

याच पट्ट्यात त्याचं एक उत्तर मात्र फार पूर्वी शोधलं गेलं होतं. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली 1983 मध्ये स्वतःचं शहीद रुग्णालय उभारलं. विनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना असे डॉक्टर तिथे आले, पण रुग्णालय चाललं ते खाणीत राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या बळावर. त्यांनी ड्रेसिंग शिकलं, इंजेक्शन शिकलं, रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणं तर त्यांना येतच होतं. छत्तीसगढची मितानीन योजना 2002 ची, देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्याही आधीची. तिच्या मुळाशीही हीच समजूत होती की आरोग्याची बरीच कामं शेजारणीच्या हातून होऊ शकतात. व्हिएन्नातले पॅरामेडिक जर बिंदू शिकले, तर मितानीन का नाही शिकणार? 2011 पासून धावणाऱ्या 108 संजीवनी गाडीतला कर्मचारी का नाही शिकणार?

आणि सर्वांत जवळचा हात नातेवाइकाचा. बहुतेक ठिकाणी तो दाराबाहेर उभा असतो, कारण आत गर्दी नको आणि रक्त पाहून तोच चक्कर येऊन पडेल ही भीती. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून त्याला उभं न ठेवता स्टुलावर बसवावं, जखमेकडे पाठ आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे तोंड. रुग्णाचा चांगला हात त्याच्या हातात द्यावा, मनगटावरची जागा दाखवावी, अंगठा तिथे ठेवायला सांगावा. यात एक फायदा असा की त्याला स्वतःला करायला काहीतरी मिळतं. वर्कशॉपमधल्या परप्रांती मुलाजवळ नातेवाईक नसतो. त्याला घेऊन आलेला सोबतीचा कामगार असतो. तोही चालेल. कोन यांच्या अभ्यासात परक्याच्या हातानेही थोडा फरक पडलाच होता.

हे सगळं गृहीत धरण्यापेक्षा तपासून पाहणं अवघड नाही. सेक्टर 9 सारख्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीने किंवा दुर्ग-भिलाईतल्या एखाद्या परिचर्या महाविद्यालयाने मनावर घेतलं तर वर्षभरात होईल अशी चाचणी आहे ही. टाके किंवा डोळ्यातला कण यांपैकी एकच काम निवडावं, म्हणजे तुलना स्वच्छ राहील. रुग्णांचे चार गट करावेत: पी-6 वर दाब, मनगटाच्याच पाठीमागे भलत्या जागी तेवढाच दाब, कुठलाही बिंदू न शोधता नुसता हात धरून बसणं, आणि नेहमीची पद्धत. चारही गटांना जागेवरची भूल पूर्ण. बोलायचं काय ते लिहून ठरवलेलं, म्हणजे एका गटाला जास्त दिलासा आणि दुसऱ्याला कमी असं होणार नाही. भीतीची खूण विचारणारा माणूस पडद्याबाहेरचा, कोणाला काय दिलं हे त्याला माहीत नसलेला. सोबत अशा गोष्टी मोजाव्यात ज्यांत रुग्णाच्या भिडेला वाव नाही: काम किती वेळात झालं, किती वेळा हात मागे ओढला गेला, कितीदा थांबावं लागलं, किती जणांना चक्कर आली. आजवरच्या बहुतेक चाचण्यांत तिसरा गट नाही, नुसता हात धरण्याचा. तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तिसऱ्या गटाचे आकडे पहिल्या गटाइतकेच चांगले आले, तर शिक्षणावर वेळ घालवायची गरज नाही. ड्रेसिंगच्या खोलीत नातेवाइकासाठी एक स्टूल ठेवायचं आणि दार उघडं करायचं. पहिला गट स्पष्टपणे पुढे गेला, तर तीन बोटांचं ते माप परिचर्येच्या पहिल्या वर्षात, मितानीनच्या प्रशिक्षणात आणि 108 च्या गाडीत पोहोचवायला हवं.